दीपाजी चालतो, मग पुष्पा का नको?

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या शाळांच्या स्नेहसंमेलनात पोर्तुगीजांविरुद्ध बंड करणारा दीपाजी राणे बहुधा असतोच. काजळाच्या मिशा, डोक्याला मुंडासं, हातात पुठ्ठ्याची तलवार. पोर्तुगीज शिपाई म्हणून उभ्या केलेल्या वर्गमित्रांना तो दणादण लोळवतो आणि पालक मोबाईल उंच धरून टाळ्या वाजवतात. चार नाच झाले की दुसरा एक मुलगा ‘पुष्पा’ सिनेमातला नायक होऊन खांदा वर काढून, पाय फरफटत, हनुवटीखालून हात फिरवत येतो. त्याला टाळ्या जरा जास्तच मिळतात. दुसऱ्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटतो तो मात्र या दुसऱ्यावरून. चंदनतस्कराचं कौतुक शाळेच्या रंगमंचावर कशाला, असा सवाल येतो. कोणीतरी हसरी चित्रं टाकतं, कोणीतरी ‘मुलं आहेत, करू द्या’ म्हणतं, आणि विषय परीक्षेच्या वेळापत्रकाकडे वळतो.

तो तिथे सोडून देऊ नये असं मला वाटतं. कायद्याला न जुमानणाऱ्या लोकनायकांचे सिनेमे मुलांना दाखवावेत की नाही, हा प्रश्न गोव्यात विचारणं थोडं गमतीचंच आहे. आमचे शौर्याचे धडे काढा. १५८३ साली पाच जेझुइट पाद्र्यांना मारणारे कुंकळ्ळीचे गावकर, १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेऊन सत्तरीत बंड उभारणारा दीपाजी, १८६९ ते १८७१ रानात राहून सरकारला हैराण करणारा कुष्टोबा राणे, १८९५ च्या बंडातले दादा राणे. पोर्तुगीज आमदानीच्या दप्तरात हे सगळे गुन्हेगार होते. मोहन रानड्यांनी १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला केला, त्यात गोळी लागून ते पकडले गेले, पोर्तुगालच्या तुरुंगात पिचले आणि १९६९ साली सुटले. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकाच कृत्याबद्दल एका सरकारनं तुरुंगात घातलेला माणूस दुसऱ्या सरकारच्या सन्मानाचा मानकरी होतो, हे ज्या प्रदेशात घडलं, तिथे ‘कायदा मोडणारा तो वाईट’ असं मुलांना कोणत्या तोंडानं शिकवायचं?

यावर ठरलेलं उत्तर असतं. ते क्रांतिकारक होते, हे गुंड आहेत. उत्तर चुकीचं नाही, पण दहा वर्षांच्या मुलाला त्याचा उपयोग शून्य. रंगमंचावर त्याला दोन माणसं दिसतात. दोघंही झुकत नाहीत, दोघांच्याही हातात शस्त्र आहे आणि दोघांसमोर पोलीस किंवा शिपाई पटापट पडतात. फरक आपल्या डोक्यात असतो, त्याच्या डोळ्यांसमोर नसतो.

शिवाय इतिहासही इतका धुतलेला नाही. राणे सत्तरीचे मोकासदार, म्हणजे तिथल्या गावांच्या महसुलाचे हक्कदार. त्यांच्या बंडात परकी सत्तेविरुद्धचा राग होता, तसा आपल्या हक्कांवर आलेल्या गदेचाही होता. त्या हक्कांच्या खाली जमीन कसणारी कुळं होती आणि मोकाशाच्या जमिनींचं त्रांगडं सत्तरीत आजही पुरतं सुटलेलं नाही. बंडवाले गावात आले की सगळ्यांनाच हायसं वाटत होतं असंही नाही. राण्यांच्या बंडाचे पडसाद दुलपदांत, म्हणजे कोकणी लोकगीतांतही उमटले आहेत. घाटापलीकडे बघितलं तरी तेच. वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९ मध्ये रामोशांना बरोबर घेऊन सावकारांच्या घरांवर दरोडे घातले. दरोडेच होते ते, पैसा उभा करण्यासाठी. त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणताना आपण हे लपवत नाही, फक्त मुलांना सांगताना पटकन पुढे सरकतो. हे पुढे सरकणंच मला खटकतं, मग ते शाळेतल्या नाटुकल्यात असो नाहीतर सिनेमात.

बंदी घालून हा प्रश्न सुटतो का, हे बघायला जग बरंच जुनं आहे. ऑस्ट्रेलियात नेड केली नावाचा लुटारू होऊन गेला. त्याच्या टोळीनं १८७८ मध्ये तीन पोलिसांना मारलं, १८८० साली मेलबर्नच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. गरिबांचा कैवारी म्हणून त्याची ख्याती मात्र आधीच पसरली होती. १९०६ साली त्याच्या टोळीवर तासाभराहून लांबीचा चित्रपट निघाला. जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो ओळखला जातो. म्हणजे सिनेमा नावाची कला लांब श्वास घ्यायला शिकली तीच एका लुटारूच्या गोष्टीवर! लोकांनी गर्दी केली, पोलीस अस्वस्थ झाले, आणि १९११-१२ च्या सुमारास तिथल्या काही प्रांतांनी रानातल्या लुटारूंवरच्या चित्रपटांवर सरसकट बंदी आणली. तिनं नेड केली विस्मरणात गेला नाही. तो आज त्या देशातला सर्वांत प्रसिद्ध गुन्हेगार आहे, आणि नायकही.

आपल्याकडे बंदीऐवजी शेवट बदलायची युक्ती केली गेली. ‘शोले’ आला १९७५ मध्ये, आणीबाणीच्या वर्षी. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी चिरडून मारतो. सेन्सॉरच्या आग्रहामुळे ऐनवेळी पोलीस येतात आणि गब्बरला कायद्याच्या हवाली केलं जातं. माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घेतलेला दिसू नये, हा हेतू. पण तीन तासांहून मोठ्या सिनेमात प्रेक्षकाचं मन कोणाच्या मागे जायचं ते पहिल्या तासात ठरून गेलेलं असतं. शेवटच्या पाच मिनिटांत पोलिसांची गाडी आणून ते वळत नाही. म्हापशाच्या अलंकारमधून किंवा पणजीच्या सम्राट-अशोकमधून बाहेर पडलेल्या मुलांपैकी किती जणांनी त्या पोलिसांची नक्कल केली असेल? मुलं गब्बर झाली. पुढे त्याच गब्बरला ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत घेतलं गेलं, कारण बिस्किटं विकणाऱ्यांना मुलांची नस सेन्सॉरपेक्षा चांगली कळली होती.

तरीही ‘शोले’ मुलांना दाखवावा असंच माझं मत आहे, आणि त्याचं कारण माझ्या दहा वर्षांच्या भाचीनं दिलं. साखळीला बहिणीच्या घरी पावसाळ्यातल्या एका रविवारी टीव्हीवर तो लागला होता. गब्बर आला की ती खुदुखुदु हसायची, पट्टा ओढत फिरण्याची त्याची लकब बसल्या जागी करायची. मग अहमदचा प्रसंग आला. इमामसाहेबांचा तरुण मुलगा नोकरीसाठी निघालेला, वाटेत गब्बरच्या हाती सापडतो. सिनेमा त्याला मारताना दाखवत नाही. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो, एवढंच. पुढे घोडा त्या मुलाचं शव घेऊन गावात येतो. आंधळे इमामसाहेब काठी टेकत येतात, सगळे गप्प का आहेत म्हणून विचारतात. भाची काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मामा, आता त्या आजोबांना मशिदीत कोण नेणार?” 

त्या दिवशी पुढे तिनं गब्बरची नक्कल केली नाही असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी केलीच. पण मुलं नक्कल कशाची करतात यावर आपण अवास्तव जोर देतो. आमच्याकडच्या जत्रेत रात्रभर दशावतारी काला चालतो, राक्षस संकासुर येतो, मुलं आधी घाबरून आईच्या कुशीत शिरतात आणि दुसऱ्या दिवशी अंगणात तोच होऊन नाचतात. शिगम्यात घोडेमोडणीचे वीर कमरेला लाकडी घोडा बांधून तलवार परजत येतात, मुलं त्यांच्याही मागे पळतात. नक्कल हे मुलांचं खाणंपिणं आहे. मी बघतो ते वेगळं. मार खाणारा, लुटला जाणारा माणूस मुलाला माणूस म्हणून दिसला का? आजोबांना कोण नेणार हा प्रश्न ज्या सिनेमातून मुलाच्या मनात येऊ शकतो, तो सिनेमा लुटारूंनी भरलेला असला तरी माझ्या लेखी चालतो.

हे लक्षात ठेवलं की बऱ्याच गोष्टींचा क्रम बदलतो. डिस्नेचा १९७३ चा ‘रॉबिन हूड’ घ्या, कोल्ह्याला नायक करणारा. तो निरुपद्रवी म्हणून आपण डोळे झाकून लावतो. पण त्यात एक फार नेमकी गोष्ट आहे. सशाच्या पिल्लाचा वाढदिवस असतो, त्याला भेट म्हणून एक नाणं मिळतं, आणि शेरीफ ते कर म्हणून उचलून घेऊन जातो. सहा वर्षांच्या मुलाला अन्याय्य कर म्हणजे काय हे कळायला यापेक्षा सोपी वाट नाही. रॉबिन कोणत्या रागातून लुटतो हे त्याला पोटातून समजतं. उणीव दुसऱ्या बाजूला आहे. ज्याला लुटलं जातं तो राजपुत्र अंगठा चोखणारा विदूषक आहे, त्याला काही लागत नाही, दुखत नाही. लहान वयात हे ठीक आहे. बाराव्या वर्षीही मूल तेवढ्यावरच राहिलं तर मात्र त्याच्या डोक्यात श्रीमंत म्हणजे विदूषक आणि शिपाई म्हणजे भोपळा, एवढंच उरेल.

आपल्याकडे याहून जुनी गोष्ट आहे आणि ती आपण पाळण्यातल्या वयापासून सांगतो. वाल्या कोळ्याची. वाटसरूंना मारणारा, एकेका खुनाचा खडा रांजणात टाकणारा. सात रांजण भरले म्हणतो आपण, आणि ऐकणारं मूल चार वर्षांचं असतं! कोणी म्हणत नाही की ही गोष्ट हिंसक आहे. का म्हणत नाही? कारण त्या गोष्टीत खडे मोजलेले आहेत. एक माणूस गेला की एक खडा, नोंद ठेवलेली. पुढे बायकामुलं पापात वाटेकरी व्हायला नाही म्हणतात, तेव्हा तो हिशेब एकट्याच्या अंगावर येतो. लुटारूला नायक करणाऱ्या कुठल्याही सिनेमानं हे खडे कुठे ठेवलेत, हे मला बघायचं असतं.

‘पुष्पा’त ते सापडत नाहीत. खरं तर पहिला भाग, २०२१ चा, सुरुवातीला आशा लावतो. बापाचं नाव नाकारलेला मुलगा, शेषाचलमच्या जंगलात रक्तचंदन तोडणारे मजूर, त्यांना राबवून श्रीमंत झालेले दलाल. अपमानाची ठसठस खरी आहे, आणि अल्लू अर्जुननं ती अशी उभी केली की राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. पण हळूहळू बाकीचे मजूर मागे पडतात आणि एकट्या पुष्पाचा तोरा उरतो. ज्यांच्यासाठी तो उभा राहील असं वाटलं होतं, ते त्याच्या मागे नाचणारा घोळका होतात. आणि मला कुऱ्हाडीच्या घावांपेक्षा कितीतरी जास्त खटकतं ते दुसरंच. नायिकेनं आपल्याकडे बघून हसावं म्हणून नायकाकडून पैसे दिले जातात, पुढे चुंबनासाठीही, आणि हे सगळं गमतीचं म्हणून दाखवलं जातं. सिनेमाघरात लोक हसतात. आठवीतला मुलगाही हसतो. त्या मुलीला काय वाटतं हा प्रश्न त्याला पडावा अशी सोयच त्या प्रसंगात ठेवलेली नाही. पालकांच्या ग्रुपवर चर्चा होते तस्करीची. या प्रसंगाबद्दल कोणी चकार शब्द काढलेला मी वाचला नाही.

प्रमाणपत्राचं काय? १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि जुन्या यूए गटाचे तीन भाग झाले, सात वर्षांवरचे, तेरावरचे आणि सोळावरचे. ही सुधारणा चांगलीच आहे, आठ वर्षांच्या आणि पंधरा वर्षांच्या मुलाला एका दावणीला बांधणं वेडेपणाचं होतं. मात्र त्याच कायद्यात म्हटलंय की ही वयाची खूण पालकांच्या विचारासाठी आहे, पालकांशिवाय कोणी ती अंमलात आणायची नाही. म्हणजे तिकीट फाडणारा तुमच्या मुलाला अडवणार नाही, अडवायचं की नाही ते तुम्हीच ठरवायचं. दुसरं असं की सेन्सॉर मंडळ दृश्यं तपासतं. रक्त किती, शिव्या किती, कपडे किती. कॅमेरा कोणाच्या बाजूनं हसतोय हे मोजायची फूटपट्टी त्यांच्याकडे नाही, आणि असावी असंही मला वाटत नाही. सरकारनं नियुक्त केलेल्या समितीनं सिनेमाचा कल मोजायला सुरुवात केली तर सगळ्यात आधी दीपाजीसारख्यांचे सिनेमे अडकतील.

प्रमाणपत्र कुठे अचूक बसतं याचंही उदाहरण द्यायला हवं. चंबळच्या दरोडेखोर फूलनदेवीवरच्या ‘बँडिट क्वीन’ला प्रौढांचं प्रमाणपत्र मिळालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९६ मध्ये न्यायालयानं ते कायम केलं. फूलनदेवीवर झालेले अत्याचार त्यात ज्या पद्धतीनं येतात, ते बघून कोणाला उत्तेजित नव्हे, आजारी वाटावं. चंबळच्या सिनेमांत इतका प्रामाणिक दुसरा क्वचितच असेल. तरी तो मुलांना दाखवू नये. प्रामाणिक असणं आणि मुलांना झेपणं या दोन गोष्टी एकत्र नांदतीलच असं नाही, हे बंदीवाले आणि ‘सत्य दाखवा’वाले दोघंही विसरतात. फूलनची गोष्ट सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला सांगायची तर ती बोलून सांगावी. आणि सांगताना बेहमईही सांगावी. १४ फेब्रुवारी १९८१ ला त्या गावात तिच्या टोळीकडून वीस माणसं गोळ्या घालून मारली गेली. त्या खटल्याचा निकाल लागायला २०२४ उजाडलं. फूलन तोपर्यंत शरण येऊन, तुरुंगात राहून, खासदार होऊन, २००१ मध्ये मारलीही गेली होती. तिच्यावरचा अन्यायही खरा आणि बेहमईच्या विधवाही खऱ्या. एवढं ओझं पेलायला वय लागतं.

आता खरी अडचण. सिनेमा मुलं अख्खा बघतच नाहीत. तीस सेकंदांचं रील बघतात. त्यात नायकाचा खांदा असतो, धूर असतो, कोसळणारी माणसं असतात, वर दणदणीत संगीत. इमामसाहेब कुठल्या रीलमध्ये येत नाहीत. सिनेमाघरातल्या तीन तासांची चिंता करून आपण दारात कुलूप लावतो आणि परसदार सताड उघडं असतं. म्हणूनच माझं म्हणणं बहुतेक पालकांच्या उलट आहे. ज्या मुलानं रील बघितलंय, त्याला तो सिनेमा दाखवणं काही वेळा जास्त बरं. अख्खा, मध्ये उठू न देता, आणि शेजारी बसून. ‘पुष्पा’ तेरा-चौदाच्या मुलाबरोबर बघावा आणि पैशांचा तो प्रसंग आला की टीव्ही थांबवून सरळ विचारावं, तुझ्या ताईच्या बाबतीत हे कोणी केलं तर? उत्तर काय येतं ते महत्त्वाचं नाही. मुलगा अवघडतो, एवढं पुरे आहे. व्याख्यान मात्र देऊ नये. व्याख्यान ऐकू आलं की मुलं नायकाच्या बाजूला जातात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

सात-आठच्या आतल्या मुलाला यातलं काही दाखवायची घाई नको. त्याला कोल्हा आणि वाल्या पुरतात. शोलेसाठी नऊ-दहा वर्षं मला बरोबर वाटतात. ठाकुराच्या घरच्यांना मारतात तो प्रसंग कठीण आहे, पण वारा, झोपाळा आणि शांतता यांवर तो उभा आहे, रक्तावर नाही.

राण्यांच्या बंडावर इथे एखादा मोठा चित्रपट व्हावा, असं अधूनमधून कोणी ना कोणी म्हणत असतं. व्हावा. पण तो मुलांसाठी म्हणून गुळगुळीत केलेला नको. नाणूसच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांच्या बाजूनं लढणारे सगळे गोरे नव्हते, त्यांच्या फौजेत इथलेच शिपाई होते. १८९५ च्या बंडाची तर सुरुवातच मोझांबिकला जायला नकार देणाऱ्या मराठा शिपायांपासून झाली, आणि ते मोडायला पोर्तुगालच्या राजाचा भाऊ लिस्बनहून कुमक घेऊन आला. कालपर्यंत ज्या सरकारची बंदूक उचलली त्याच सरकारविरुद्ध ती फिरवणारा शिपाई हे पात्र कोणत्याही काल्पनिक नायकापेक्षा वजनदार आहे. त्याच्यासोबतचा एक जण बंडात गेला नसेल, नोकरी धरून राहिला असेल, त्यालाही त्या सिनेमात घर असावं, आई असावी. कुळाच्या झोपडीत बंडवाले भात मागायला येतात तेव्हा ते भात प्रेमानं दिलं जातं की भीतीनं, हे दिग्दर्शकानं ठरवून दाखवावं. असा दीपाजी शाळेच्या रंगमंचावर बसवायला अवघड जाईल. मुलं विचारतील की त्या शिपायाला का मारलं, तो तर आपलाच होता ना. बाईंना उत्तर द्यावं लागेल.

मुख्याध्यापकांना हे नको असतं, मला ठाऊक आहे. मुक्तिदिनाच्या आठवड्यात एक देशभक्तीपर सिनेमा लावायचा, दीड तासात सभागृह रिकामं करायचं, पुढचा वर्ग आत घ्यायचा, असं वेळापत्रक असतं. मग त्या वर्षी सिनेमा अर्धाच लावा आणि उरलेला वेळ मुलांना बोलू द्या. किंवा पाचवीला वगळा, फक्त आठवी-नववीला दाखवा. आणि स्नेहसंमेलनात पुष्पा होऊन नाचणाऱ्या त्या मुलाला खाली उतरवू नका. पुढच्या वर्षी त्याला राण्यांच्या नाटुकल्यात घ्या आणि भूमिका द्या ती शिपायाची.